पितळी पुंगळीचा प्रवास : खडकी ते वरणगाव

मलकापूरहून भुसावळकडे निघालं की चाळीसेक किलोमीटरवर वरणगाव लागतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या माणसाला हे गाव माहीत आहे ते तिथल्या आयुध निर्माणीमुळे. चीन युद्धानंतर, १९६४ साली, ही निर्माणी उभी राहिली आणि रायफलीची काडतुसं बनवू लागली. शस्त्रांवर लिहिणारे बहुधा गोळीविषयी लिहितात, दारूविषयी लिहितात. गोळी सुटल्यावर बाजूला पडणाऱ्या पितळी पुंगळीची दखल कोणी घेत नाही. काडतुसाची खरी पारख मात्र तिच्यावरूनच होते, आणि गेल्या दीडशे वर्षांतली तिची सुधारणा आपल्या महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आधाराने सांगता येते.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. त्या काळात इंग्रजी फौजेकडे स्नायडर रायफल होती. तिची पुंगळी म्हणजे पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी आणि तिच्या बुडाला लोखंडी चकती. पुढे आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचं काडतूसही सुरुवातीला याच घडणीचं होतं. सतत गोळीबार होऊन रायफल तापली की पत्रा आत चिकटून बसे, बूड तेवढं उपटून बाहेर येई. जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्लीच्या लढाईत ऐन हातघाईत रायफली अडकल्या आणि त्याचा ठपका या पुंगळीवर आला. मग अखंड धातूतून ओढून काढलेली पुंगळी रूढ झाली. आजही तीच पद्धत चालते.

यासाठीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पत्र्यातून चकती कापायची, तिची वाटी करायची आणि ती वाटी साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढून लांब करायची. प्रत्येक ओढीला पितळ कडक होत जातं, म्हणून मध्ये मध्ये तापवून ते मऊ करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर हंडा ठोकताना तो पुन्हा पुन्हा भट्टीत घालतो, त्यामागचं कारण हेच. पण पुंगळीत एक जास्तीची अवघड गोष्ट आहे. तिचं बूड कडक हवं, नाहीतर स्फोटाचा दाब सोसणार नाही. तोंड मात्र मऊ हवं, म्हणजे ते फुगून नळीला घट्ट बसेल आणि वायू मागे येणार नाही. एकाच बोटभर वस्तूत हे दोन स्वभाव नेमके उतरवणं, यात कारखान्याचा कस लागतो.

या धातूचा सगळ्यात मोठा धडा हिंदुस्थानातच शिकला गेला. पावसाळ्यात तबेल्यांच्या आसपास साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकू लागल्या. बरीच वर्षं कारण उमगलं नाही, म्हणून इंग्रजांनी त्याला ऋतूचा तडा असंच नाव देऊन टाकलं. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुशास्त्रज्ञांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल आणि ओढकामात पितळेत कोंडून राहिलेला ताण, या तिघांनी मिळून पुंगळी फोडली होती. उपाय साधा निघाला. तयार पुंगळी हलकीशी तापवून तिच्यातला ताण काढून टाकायचा. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते, ती अशा तापवण्याचीच खूण. कित्येक व्यापारी कंपन्या ती घासून चकचकीत करतात, म्हणून गिऱ्हाइकाला चकाकी म्हणजे दर्जा वाटतो. फिनलंडची लापुआ ही छटा तशीच ठेवते, आणि पुंगळ्या पुन्हा भरून वापरणारे परदेशी नेमबाज तिलाच पहिली पसंती देतात. तिच्या पुंगळ्यांचं वजन आणि भिंतींची जाडी यांत एकीपासून दुसरीपर्यंत फरक फार थोडा पडतो. स्वीडनच्या नॉर्माचंही नाव चांगलं आहे, तिचं पितळ मात्र थोडं मऊ म्हणून ओळखलं जातं.

नुसत्या नावावर मात्र जाऊ नये. अमेरिकेतला लेक सिटी कारखाना सरकारी मालकीचा, पण तो चालवणाऱ्या कंपन्या बदलत आल्या. ऑक्टोबर २०२० पासून तो विंचेस्टरकडे आहे. बुडावरची ‘एलसी’ ही अक्षरं मात्र तीच राहिली. आपल्याकडे खडकीचा शिक्का ‘केएफ’, वरणगावचा ‘ओएफव्ही’. लष्करी पुंगळी एकदाच वापरायची असते. ती जाड असते, दारूला ठिणगी देणारी बुडातली कॅप घट्ट दाबून बसवलेली असते, आणि .३०३ या जुन्या लष्करी रायफलीच्या बहुतेक ब्रिटिश पठडीतल्या पुंगळ्यांत दोन बारीक छिद्रांची बर्डन रचना असल्याने कॅप काढणंच जिकिरीचं. तिची लापुआशी सरसकट तुलना करणं अन्यायाचं आहे. ओल्या खंदकात, चिखलात, दर वेळी हमखास चालणं हे तिचं काम.

आपल्याकडे परवान्याशिवाय घरी काडतूस भरायला मुभा नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. त्यामुळे पुंगळीच्या दर्जाची चर्चा आपल्याकडे रुजली नाही आणि कारखान्यांवर नेमबाजांचा दबावही आला नाही.

२०२१च्या १ ऑक्टोबरला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. खडकी आणि वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. पितळेसारख्या धातूंचं काम करणारी अंबरनाथची निर्माणी आणि दारूगोळ्याच्या पेट्या बनवणारी भुसावळची निर्माणी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. धातू एका कंपनीचा, काडतूस दुसरीचं, अशी ही वाटणी मला पटलेली नाही. पुंगळीचा दर्जा धातू ओततानाच निम्मा ठरून जातो.

कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदकाचा मानकरी ठरला. या स्पर्धेतलं .२२चं काडतूस पुन्हा भरता येत नाही, पण एकसारखेपणाची कसोटी त्यालाही तितकीच कडक. तिथे आजही एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या परदेशी नावांचीच चलती आहे. दीडशे वर्षांचा खडकीचा हात आणि साठ वर्षांचा वरणगावचा अनुभव घरात असताना खेळाच्या दर्जाचं काडतूस आपण बनवायलाच हवं. त्यासाठी वेगळी, लहान, काटेकोर तपासणीची एक उत्पादन शाखा वरणगावात सुरू करावी, एवढी मागणी आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरावी.