फायबर आले म्हणून छत्री उतरवायची का?

फायबरमुळे टीव्ही संपत नाही, त्याचा खर्च कोण उचलतो ते बदलते. देशातील सशुल्क डीटीएच ग्राहक २०२१ मध्ये सात कोटींच्या आसपास होते, २०२५ पर्यंत ते सहा कोटींच्या खाली आले. दूरदर्शनच्या फ्री डिशला मात्र दरमहा पैसे लागत नाहीत. फायबर सगळीकडे सारखे पोहोचत नाही: साक्री तालुक्यात पांझरेकाठच्या पिंपळनेरसारख्या बाजाराच्या गावात दाट वस्तीमुळे घरोघर तार नेणे परवडते, पश्चिमेच्या विखुरलेल्या पाड्यांवर ते अवघड. गावोगाव फायबर नेणाऱ्या सरकारी भारतनेटची मूळ योजना (२०११) ग्रामपंचायतीपर्यंतच होती. ऑगस्ट २०२३ च्या सुधारित कार्यक्रमात दीड कोटी ग्रामीण घरजोडण्यांचे उद्दिष्ट आले. खरा प्रश्न ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतच्या या शेवटच्या टप्प्याचाच आहे.

मोबाइल असताना तारेची गरज काय, असे विचारले जाते. पण एचडी चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा लागतो, दिवसाचा दोन जीबीचा पॅक एका सिनेमालाही पुरत नाही. शिवाय मुसळधार पावसात छत्रीचे चित्र फुटते, काचेच्या तंतूला पावसाचा त्रास नाही. त्याची अडचण विजेची: दिवे गेले की फायबरची भिंतीवरची पेटी बंद. तार तुटली तर पेटीवर ‘एलओएस’चा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागतो. म्हणून नवी जोडणी घेताना तार किती दिवसांत जोडून देणार, हे आधी विचारा आणि फ्री डिशची छत्री तूर्त राहू द्या.