सारंगखेड्याची यात्रा आणि आपली मिरची

तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीला भरणारा घोड्यांचा बाजार वाचकांस नवा नाहीं. पर्यटन महामंडळानें त्यास चेतक महोत्सवाची जोड दिल्यापासून शहरांकडील पाहुणेही येऊं लागले. त्याच मार्गशीर्षांत आपली ओली लाल मिरची नंदुरबारच्या बाजार समितींत उतरते. व्यापारी ती पथारीवर वाळवितो, पुढें तिची पूड होते, आणि नफा तिकडेच राहतो. पाहुणा ओली मिरची कशाला नेईल? बांधलेली पूड मात्र आनंदानें नेईल. अक्राणीच्या आमचुराचेंही तसेंच.

भांडवलाचें काय? 2020 सालीं केंद्र सरकारनें लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं योजना काढली. तींत मंजूर खर्चाच्या शेंकडा 35, अधिकांत अधिक 10 लाख रुपये, अनुदान ठेविलें. निदान शेंकडा 10 स्वतःचे घालून उरलेलें बँकेचें कर्ज, ही अट अनुदानाच्या भरांत पुष्कळ जण विसरतात! म्हणून चक्की घेण्यापूर्वीं जिल्हा कृषि कचेरींत व जिल्हा उद्योग केंद्रांत आजची स्थिति विचारून घ्यावी. खाद्य परवान्याचा क्रमांक पाकिटावर छापावाच लागतो. मिरची वाळण्यास ऊन पाहिजे, अवकाळी पावसानें ती सडते. तेव्हां कागदपत्रांचें काम पोळ्यापूर्वींच उरकलेलें बरें.