हळदीचा भाव आणि आपली मुले

स्मरणिकेसाठी "करिअरवर काहीतरी लिहा" असा आग्रह झाला तेव्हा काउंटरवरचा एक प्रसंग आठवला. वसमतकडचे एक शेतकरी हळदीच्या पट्टीचा चेक भरायला आले होते. सोबत बी. ए. अर्थशास्त्राचा मुलगा. पुढे काय, असे विचारले. "बँक नाहीतर तलाठी, काका." वडील म्हणाले, "साहेब, औंदा भाव का पडला तेवढं सांगा." मला सांगता आले नाही. ज्याने ते शोधावे तो मुलगाही तलाठ्याच्या परीक्षेला निघालेला!

हे शोधणे हाच काहींचा व्यवसाय असतो. त्याला आंतरराष्ट्रीय व्यापार संशोधन म्हणतात. जगाच्या व्यापारात प्रत्येक मालाला क्रमांक असतो; हळदीचा 091030. त्या क्रमांकावर कोणत्या देशाने किती माल घेतला, जकात किती, शिशाची मर्यादा किती, हे सारे संशोधक जुळवतो. त्याच्या टिपणावर सरकार वाटाघाटी करते. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण परदेशी बाजारात त्याचा उपयोग कसा करायचा, हेही कोणीतरी अभ्यासूनच सांगावे लागेल.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे चक्क पेटंट मिळाले. आपल्या आज्या काय करत होत्या मग? पण आजीचा शब्द तिथे चालत नाही, छापील पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 1996 मध्ये आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि 1953 चा एका वैद्यकीय नियतकालिकातील लेख पुढे ठेवला. 1997 मध्ये पेटंट रद्द झाले.

हे क्षेत्र आपल्याला परकेही नाही. बाबासाहेबांचा 1923 चा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ विनिमय दराचीच चिकित्सा करतो.

वाट अशी : अर्थशास्त्रात पदवी, मग पुण्याची गोखले संस्था किंवा दिल्लीची भारतीय विदेश व्यापार संस्था. संख्याशास्त्र टाळू नका. मी टाळले, म्हणून आज लेजर सांभाळतो. लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय व्यापार सेवेतही जाता येते. सुरुवातीच्या संशोधन सहायकाच्या जागा बहुधा कंत्राटी असतात, हे घरी आधीच सांगून ठेवावे. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. कागदपत्रे आधीपासून जमवा, ऐनवेळी धावपळ नको. फॉर्म भरताना अडचण आल्यास रविवारी सकाळी मी संस्थेच्या वाचनालयात असतो.