ओल्या हाताची परीक्षा

माझी मावशी भांड्यांच्या दुकानात गेली की आधी प्यायला पाणी मागायची. दोन घोट घ्यायची आणि उरलेल्या पाण्यानं तळहात भिजवायची. मग त्या ओल्या हातानं सांडशी उचलायची, समोरच्या पातेल्याचा काठ पकडायची आणि पातेलं तिरकं करून बघायची. हात सटकला की सांडशी परत जागेवर. किमतीची गोष्ट त्यानंतर. लहानपणी मला त्याचा संकोच वाटायचा. आता घरासाठी काहीही घेताना मी तेच करते. स्वयंपाकघरात हात कोरडे असतात तरी किती वेळ? कणीक, तेल, मासे, तांदूळ धुतलेलं पाणी, हाताला सतत काहीतरी लागलेलं असतं. अर्धं लक्ष उतू जाणाऱ्या दुधाकडे, अर्धं दाराच्या बेलकडे. दुकानात मात्र वस्तू आपण बघतो ती कोरड्या हातानं, लख्ख उजेडात, निवांतपणे.

या परीक्षेत माझ्या मते सगळ्यात वर विळी येते. गोव्यात तिला आदोळी म्हणतात. सुरीनं चिरताना भाजी एका जागी असते आणि पातं हलतं. विळीवर पातं एका जागी आणि भाजी हलते. एवढ्याशा बदलानं केवढं काम सोपं झालं आहे! निसरडी मूठ धरायचा प्रश्नच मिटला. हत्यार धरायचं काम पाटावर ठेवलेल्या पायाकडे गेलं, आणि पाय कोरडा असतो. दोन्ही हात भाजीला मोकळे. मासळी बाजारात कोळीण बुळबुळीत सुरमई दोन्ही हातांनी धरून पात्यावर रेटते, तेव्हा तिच्या हातात हत्यार नसतंच, फक्त मासा असतो. पात्याला बाक असल्यामुळे भाजी नुसती दाबली जात नाही, दाबता दाबता पात्यावरून सरकतेही, आणि धार खरी चालते ती त्या सरकण्यामुळे. म्हणून पिकलेला टोमॅटोही न चेंगरता चिरला जातो. वर टोकाला खोवणी. म्हणजे नारळासाठी वेगळं काही काढायला नको. उघड्या पात्याचा धोका आहेच. रांगतं मूल असलेल्या घरात विळी काम झालं की लगेच मिटून ठेवायची, हा शिरस्ता त्यामुळेच पडला.

मग विळी मागे का पडली? तिच्यात काही बिघडलं म्हणून नव्हे. ओटा आला, स्वयंपाक उभ्यानं होऊ लागला आणि विळीखालचा पाय निघून गेला. पायाचा भार नसेल तर ती डगमगते. गुडघे दुखणाऱ्या बाईला ओटा हे वरदान आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वस्तूची जोखणी करताना वापरणारं माणूस बसलेलं आहे की उभं, हे आधी विचारायला हवं.

आता पातेलं घ्या. त्याला कान नाहीत, दांडा नाही. परक्याला ही उणीव वाटेल. पण दांडे नसल्यामुळेच लहानमोठी सहा पातेली एकात एक बसतात आणि फडताळात एकाच पातेल्याची जागा अडवतात. सहा भांड्यांना सहा दांडे लावण्याऐवजी आपण एकच दांडा केला आणि तो सुटा ठेवला. तो दांडा म्हणजे सांडशी, कुणी पक्कड म्हणतं. विस्तवावर भांडं, दांडा बाहेर. त्यामुळे दांडा तापत नाही. तिचं बळ साध्या तरफेचं आहे: रिवेटपासून मुठीपर्यंतचा दांडा जबड्याच्या पाचपट लांब असेल, तर मुठीतला जोर जबड्याशी पाचपट होतो. आणि ही जोडी जमते ती पातेल्याच्या बाहेर वळवलेल्या काठामुळे. सांडशीला पकड तोच देतो, पातळ पत्र्याला ताठपणा तोच देतो, आणि ओतताना धारही त्याच्यावरूनच नीट पडते. पैसे वाचवायला कुणी हा काठ अरुंद केला, की सगळा डाव मोडतो. मावशी पातेलं तिरकं करून बघायची ती या काठासाठी.

तांब्याचं कौतुक तर सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसांनी केलं. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे आलं, देशभर हिंडलं आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथे पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सगळ्यात श्रेष्ठ वाटला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. असा घाट आज नव्यानं करायचा तर काय काय विचारात घ्यावं लागेल, याची लांबलचक यादीच त्यांनी अहवालात दिली: पाणी किती मावावं, भरलेला असताना तोल कसा राहील आणि रिकामा असताना कसा, हातात, कमरेवर, डोक्यावर नेता येईल का, आतून घासता येईल का, किंमत काय पडेल. आणि हा घाट कुणा एका माणसाचा नाही, पिढ्यान्‌पिढ्या तो घडत आला, यावर त्यांचा भर होता.

ओला हात घेऊन मी त्या यादीकडे बघते तेव्हा मला तांब्याचा गळा दिसतो. बोटं गळ्याभोवती बसतात, वरचा पसरट ओठ त्यांना निसटू देत नाही आणि खालचं पोट वजन खाली धरून ठेवतं. विहिरीवर त्याच गळ्याला दोरीचा फास बसायचा. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत भांडं ठोकून ठोकून मठारतात, तेव्हा अंगावर ठोक्यांची नक्षी उमटते. ती शोभेची वाटते, पण त्या ठोक्यांनी तांब्याचा पत्रा कडक होतो, आणि ओल्या हाताला गुळगुळीत भांड्यापेक्षा तसं भांडं धरायला बरं पडतं. घडवणारा आणि वापरणारी एकाच पेठेत राहत असतील, तर भांड्याची तक्रार दुसऱ्या दिवशी ठोकणाऱ्यापर्यंत पोचते. आज ती अंतरं फार वाढली आहेत.

मिसळणाच्या डब्यात वाट्या सातच का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता. एका वर्तुळाभोवती त्याच मापाची वर्तुळं चिकटून मांडली तर बरोबर सहाच बसतात, आणि त्या सातांना घेरणाऱ्या वर्तुळाचा व्यास एका वाटीच्या तिप्पट भरतो. म्हणून डबा हलवला तरी वाट्या जागच्या हलत नाहीत. हात मोहरीकडे न बघता जातो.

कारखान्यात झालेल्या वस्तूही ही परीक्षा पास होतात. प्रेशर कुकरची मूळ कल्पना डेनिस पापँ या फ्रेंच माणसाची, १६७९ ची. भांडं फुटू नये म्हणून वाफ सोडणारी झडपही त्यानंच बसवली. आपल्या कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं आणि डाळ लवकर शिजते. पण मला भावतं ते आतून बसणारं झाकण. ते लंबगोल असतं. तिरकं करून आत घालायचं आणि वर ओढून बसवायचं. वाफ आतून झाकणाला काठावर दाबून धरते, त्यामुळे दाब असेपर्यंत घाईत कुणी ओढलं तरी ते उघडत नाही. जो दाब धोक्याचा, तोच कुलूप होऊन बसला आहे. ‘सांभाळून उघडा’ असं कुठे लिहायची गरज नाही. आणि शिट्टी! तिच्यामुळे घड्याळ न बघता, दुसऱ्या खोलीतून, पाठमोऱ्यानं वेळ मोजता येते. ‘तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर’ हे मराठीत आता वेळेचं मापच झालं आहे.

याच्या उलट अनुभव मला गेल्या वर्षी आला. काचेची, बटणांऐवजी नुसत्या खुणा असलेली विजेची शेगडी घेतली. बोटाच्या स्पर्शानं तिथलं विद्युतक्षेत्र बदलतं आणि शेगडी चालू होते. पण पाणीही ते क्षेत्र बदलतं. त्यामुळे ओलं बोट तिला कधी कळतं, कधी कळत नाही. आमटी उतू गेली, काचेवर सांडली, आणि ती बंद करायच्या खुणेवरच आमटी होती. फडक्यानं पुसून मग बोट लावेपर्यंत अर्धी आमटी ओट्यावर. जिथे उतू जाणं रोजचंच, तिथे ही योजना करणाऱ्यानं एकदा तरी दूध तापवून पाहिलं असतं तर!

साल काढायच्या सोलाण्याची गोष्ट मला फार आवडते. सॅम फार्बर या अमेरिकन उद्योजकाच्या पत्नीला, बेट्सीला, बोटांचा संधिवात होता आणि लोखंडी पातळ दांड्याचं सोलाणं तिला धरवत नव्हतं. त्यावरून न्यूयॉर्कमधल्या स्मार्ट डिझाइन या संस्थेबरोबर काम करून १९९० मध्ये ‘गुड ग्रिप्स’ ही अवजारं बाजारात आली: जाड रबरी मूठ, ओल्या हातातून न सटकणारी, बोटं टेकायला दोन्ही बाजूंना मऊ पापुद्रे. दुखऱ्या हातासाठी केलेलं ते सोलाणं धडधाकट हातांनाही हवंसं झालं.

एक हात मात्र आपण नेहमी विसरतो, तो घासणारीचा. वस्तू निवडतो एक, वापरतो दुसरा आणि घासते तिसरीच, बहुतेक घरांत कामाला येणाऱ्या ताई. मिक्सरच्या भांड्यात पात्याखाली अडकलेली चटणी, बाटलीच्या अरुंद गळ्याआड बोट न पोचणारा तळ, झाकणाच्या खोबणीतला काळा थर, हे सगळं त्यांच्या नखांनी भोगायचं. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी एकदा विचारलं, घरातलं कुठलं भांडं तुम्हाला आवडतं? त्यांनी लगेच जुनं पितळी पातेलं दाखवलं. ते जड आहे, त्याला कल्हई लावावी लागते, मला ते नकोसं झालेलं. त्या म्हणाल्या, ‘याला कोपरा नाही. हात फिरला की झालं.’

मावशीची सांडशी आता माझ्याकडे आहे. मध्यंतरी तिची रिवेट सैल झाली होती. पाटा उलटा करून, त्यावर रिवेट टेकवून हातोडीचे तीन ठोके मारले. मग नळाखाली हात धरला आणि भरलेलं पातेलं उचलून पाहिलं.