माफी कुणाला, पैसा कुणाला?

ताडकळसच्या बाजारात सोयाबीनची पोती उतरवून झाली की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानी पडतं : "आमच्या दीड लाखाला दहा अटी, अन् बड्यांचे हजारो कोटी एका सहीनं माफ." हा राग रास्त आहे. पण त्यामागची माहिती अर्धी असली, की उत्तर द्यायला बसलेला सहज सुटतो.

"कर्जमाफीचा पैसा शेतकऱ्याला मिळतो." त्याच्या हातात एक नोटही येत नाही. सरकार पैसे बँकेला भरतं, थकीत खातं शून्य होतं आणि शेतकरी नव्या पीककर्जाला पात्र ठरतो. म्हणजे बँकेचंही अडकलेलं कर्ज वसूल होतं. राज्य सरकारची २०१७ ची कर्जमाफी योजना ३४,०२२ कोटींची जाहीर झाली. मर्यादा दीड लाखाची, वरची रक्कम आधी स्वतः भरायची. २०१९ च्या योजनेत मुद्दल-व्याज मिळून थकबाकी दोन लाखांच्या पुढे गेली, की शेतकरी यादीबाहेर.

नवं-जुनं करणारा तर यादीत येतच नाही. मार्चमध्ये तो कुणाकडून तरी उसने घेतो, सोसायटीत भरतो, कर्ज पुन्हा उचलतो आणि उसने परत करतो. मधल्या दिवसांचं व्याज त्याच्याच खिशातून. कागदावर तो नियमित कर्जदार! अशांसाठीचं ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन प्रत्यक्षात २०२२ मध्ये वाटलं गेलं. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय याच माणसावर झाला.

"उद्योगपतींची कर्जं माफ केली." बातमीत येतं ते बहुतेक वेळा 'निर्लेखन' असतं. बुडीत कर्ज बँक ताळेबंदातून काढते. कर्जदाराची देणी उरतात, वसुली चालू राहते. खरी सूट मिळते ती दिवाळखोरी प्रक्रियेत. तिथं बँका येणं कमी करून घेतात आणि तो फरक कायमचा जातो. जाब विचारायचा तर तिथला विचारावा.

"सरकारनं बँकांना रोख पैसे वाटले." ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी बँकांसाठी २ लाख ११ हजार कोटींचं भांडवल जाहीर झालं. त्यातले १ लाख ३५ हजार कोटी रोख्यांतून उभे करायचे होते. बदल्यात सरकारला समभाग मिळतात, पण रोख्यांचं व्याज दरवर्षी अर्थसंकल्पातून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून जातं.

"अर्थसंकल्पात फक्त स्वस्त-महाग ठरतं." वित्त विधेयकात बाकीचंही बरंच शिरतं. २०१७ च्या वित्त कायद्यानं कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरची साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली, निवडणूक रोख्यांसाठी रिझर्व्ह बँकेचा आणि लोकप्रतिनिधित्वाचा कायदा बदलला, वर न्यायाधिकरणांची रचनाही बदलली. हे सगळं धन विधेयक म्हणून आलं, आणि धन विधेयकावर राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते, त्याही १४ दिवसांत. त्या मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. २०१७ मध्ये राज्यसभेनं सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेनं फेटाळल्या.

सर्वोच्च न्यायालयानं १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. तोवर मार्च २०१८ पासून तीस टप्प्यांत त्यांची विक्री होऊन गेली होती. पुढच्या अर्थसंकल्पानंतर आपले खासदार गावात आले, तर विमा-अनुदानाबरोबर हेही विचारा : यंदाच्या वित्त विधेयकात कराशी संबंध नसलेली कलमं कोणती, आणि त्यांवर तुम्ही काय बोललात?