कंपनीच्या नावावर गाडी घेताय? आधी रोड टॅक्स बघा

छोट्या कंपनीसाठी गाडी घेताना सगळे मायलेज विचारतात. मी म्हणतो, आधी रोड टॅक्स विचारा! महाराष्ट्रात १० लाखांच्या आतली पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर ११ टक्के, कंपनीच्या नावावर २० टक्के. ८ लाखांच्या गाडीवर फरक ७२ हजारांचा. शिवाय प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट बहुतेक धंद्यांना मिळत नाही. घसारा मिळतो, वर्षाला १५ टक्के.

रनिंग जास्त असेल तर सीएनजी घ्या, पण डिकी उघडून बघा. एकच मोठी टाकी असली की सॅम्पलच्या पेट्या मागच्या सीटवर जातात. टाटाच्या टिगोरमध्ये दोन छोट्या टाक्या खाली बसवल्यात, सामानाला जागा उरते; माझी पसंती तिलाच. नुसता माल न्यायचाय? मग ईको कार्गो बघा. ती मालवाहू, त्यामुळे क्रेडिटही मिळतं.