एकत्र कुटुंब आणि वात्सल्याचा स्पर्श

एकत्र कुटुंबाच्या रचनेचा परिचय आपण मागील उपघटकात करून घेतला. त्या रचनेमुळे आईवडील आणि मुले यांच्यातील शारीरिक जवळिकीला कोणते वळण मिळाले, हे आता पाहू. वडिलांनी कधी जवळ घेतल्याचे आठवत नाही, अशी खंत मराठी आत्मकथनांत अनेकदा आढळते. ती खंत खरीच असते. परंतु तेवढ्यावरून वडील निष्ठुर होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

एका छपराखाली दोन-तीन भावांची मुले वाढत असताना स्वतःच्याच मुलाला सर्वांदेखत कडेवर घेणे म्हणजे पुतण्यांना परके लेखणे, असे समजले जाई. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी ‘द इनर वर्ल्ड’ (१९७८) या ग्रंथात भारतीय पित्याच्या अलिप्ततेमागील हे कारण विशद केले आहे. वडीलधाऱ्यांची मर्यादा हे दुसरे कारण. त्यांच्यासमोर पत्नीशी मोकळेपणाने बोलणेही जिथे अनुचित मानले जाई, तिथे अपत्याचे लाड करण्याचा संकोच वाटणे स्वाभाविक होते.

हा संकोच मात्र अनादी नव्हे. प्रवासाहून परतलेल्या पित्याने पुत्राचे मस्तक हुंगावे, असा विधी गृह्यसूत्रांत सांगितलेला आहे.

आईचा स्पर्श कामाच्या ओघात येई, म्हणून त्यास कोणाची आडकाठी नसे. टाळूवर तेल थापणे, पायांवर आडवे घेऊन न्हाऊ घालणे, वेणीफणी करणे, दृष्ट काढून कानशिलांवर बोटे मोडणे ही सारी कामेच. पण मुलाला त्यांतून मायेची ऊब मिळे. (घाईत वेणी ओढली गेली तर रडणेही!) भाषेनेही हा भेद जपला आहे. आई ‘पोटाशी धरते’, ‘कुशीत घेते’. वडील ‘पाठीवरून हात फिरवतात’, आणि तोही बहुधा परीक्षेच्या निकालानंतर किंवा गाव सोडून निघताना.

वय वाढले की आईचा स्पर्शही आवरता घेतला जाई. ज्या जातींत मुंज होते, तेथील ‘मातृभोजन’ या दृष्टीने लक्षणीय आहे. बटू आईसोबत एका ताटात जेवतो, आणि या जवळिकीचा हा शेवटचा प्रसंग मानला जातो. मुलगी वयात आल्यावर वडिलांपासून अंतर राखू लागे. पुष्कळ घरांत हे अंतर थेट पाठवणीच्या वेळी मिटे. तेव्हा वडिलांच्या गळ्यात पडून रडण्यास कोणाचीच हरकत नसे.

ज्या गृहस्थाने स्वतःच्या मुलांना क्वचितच उचलून घेतले, तोच पुढे नातवंडांना अंगाखांद्यावर खेळवताना दिसे. मुलांना याचे नवल वाटे, क्वचित हेवाही. आजोबा झालेल्या त्या माणसाचा स्वभाव पालटलेला असेच असे नाही. ज्यांची मर्यादा राखायची असे वडीलधारे आता घरात उरलेले नसत.